चिंचेखालची जागा

"पाणी घालायचं, पण घासायचं नाही. कुंकू, फूल काही वाहायचं नाही. आणि माझ्या मागं ह्याला घरी पोचव."

पहिल्या दोन गोष्टी सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पद्मजाला देव्हाऱ्यापुढं बसवून सांगितल्या होत्या. तिसरी गेल्या माघात, हॉस्पिटलच्या खाटेवरून, तिचं मनगट धरून. "पोचवीन, आई," पद्मजा म्हणाली होती. घरी म्हणजे कुठं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण त्यांना दोन शब्दांनी धाप लागत होती, आणि शब्द देऊन झाल्यावर चौकशा करणं तिला बरं वाटलं नाही. मग तिनं आपल्यापुरता अर्थ लावून घेतला. सासूबाई मॉरिशसच्या. तिथल्या समुद्राकाठी जन्मल्या, तिथंच नांदल्या. देवाचं घर म्हणजे तो समुद्र. कधी जाणं झालं की तिथं विसर्जन करायचं.

आज आईंचं वर्षश्राद्ध होतं, आणि देव अजून देव्हाऱ्यातच होता.

अन्नपूर्णा आणि बाळकृष्णाच्या शेजारी, कोपऱ्यात. वीतभर उंचीचा काळा दगड, अंगभर मोहरीएवढी भोकं, खाली चौकोनी. तळाशी पांढरट थर होता. विभूती असावी असं पद्मजाला पहिल्यापासून वाटे, आणि घासायचं नाही म्हटल्यावर तो थर तिनं कधी नखानंही खरवडला नव्हता. बुडाचा एक कोपरा उडालेला होता. अंघोळ घालताना दगड डाव्या हातात धरला की तिचा अंगठा आपसूक त्या खाचेत जाऊन बसे. ह्याची अंघोळ झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हे तिचं व्रत. लेकीच्या, जाईच्या जन्माच्या वेळी ती हॉस्पिटलात होती तेव्हा आईंनी तिच्या नावानं पाणी घातलं होतं आणि फोन करून "आता चहा घे गं" म्हणून सांगितलं होतं.

खिडकीबाहेर फावड्याचा आवाज येत होता. तिचा नवरा विलास ड्राइव्ह-वेवरचं बर्फ शोव्हल करत होता. ऑक्टोबरात नोकरी गेल्यापासून तो घरातली कामं फार मन लावून करी. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बेसमेंटमध्ये लॅपटॉपपुढं बसे, जणू वर कुणी साहेब हजेरी घेणार आहे. त्याच्या मागून त्याचाच जुना जाड पार्का कोट घालून त्याचा चुलत भाऊ जनार्दन निसरडं होऊ नये म्हणून मीठ टाकत येत होता.

"आयो, दादा," जनार्दन म्हणाला, "आमच्याकडे बायकांनी डोक्यावर टोपल्या वाहून समुद्रातनं मीठ काढलं. आणि तुम्ही ते रस्त्यावर फेकता."

"फेकलं नाही तर गुरुजी दारातच आडवे होतील," विलास म्हणाला. हसला नाही.

दोन दिवस हे असंच चाललं होतं. जनार्दन थट्टा करायचा, विलास कामापुरतं उत्तर द्यायचा, आणि ज्या विषयासाठी जनार्दन मॉरिशसहून एवढं अंतर ओलांडून आला होता त्याच्याभोवती दोघं त्या बर्फातून काढावी तशी वाट काढत फिरायचे.

*

गुरुजी मार्कहॅमहून उशिरा आले आणि लवकर गेले. पिंडदान झालं. पानं मांडली. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, अळू, आमसुलाची चटणी. विलासची मोठी बहीण माधवी काल माँट्रियलहून गाडी चालवत आली होती. ती वड्याचा पहिला तुकडा मोडत म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, वडा चांगला झालाय, पण पारबतीसारखा नाही."

"अगदी हेच म्हणाल्या असत्या," पद्मजा म्हणाली.

पारबतीकाकू म्हणजे जनार्दनची आई, सासूबाईंची धाकटी जाऊ. पन्नास वर्षं दोघी जावांनी एकमेकींना पाहिलं नव्हतं, आणि दर रविवारी फोनवर मात्र तिखटाच्या प्रमाणापासून नातवंडांच्या तापापर्यंत सगळं बोलत.

"आईनं मला निघताना काय सांगितलं माहितेय?" जनार्दन म्हणाला. "जेवून ये, भांडून येऊ नको."

"मग जेव की," विलास म्हणाला.

जाई ग्वेल्फहून आली होती. तिथं युनिव्हर्सिटीत ती मातीचं शास्त्र शिकत होती. तिला ही शांतता कळत नव्हती, किंवा कळत असून सहन होत नव्हती. "काका, व्हॉट डू पीपल डू देअर नाऊ? शुगर अजून आहे?"

जनार्दनला जणू हेच हवं होतं. "आहे ना, थोडी. ऐक. तुझे खापरपणजोबा सखाराम रत्नागिरीकडनं गेले, ते ऊस तोडायला नव्हे, आधी दगड वेचायला. ज्वालामुखीचं बेट आहे ते. दगड वेचल्याशिवाय ऊस लागायचा नाही. वेचलेल्या दगडांचे ढीग अजून शेतांच्या मधोमध उभे आहेत, देवळाएवढाले. गोऱ्या साहेबानं आडनाव विचारलं, त्यांना वाटलं नाव विचारतोय. म्हणून आपण सगळे सखाराम."

"मिस्टर सखाराम, स्पेल दॅट फॉर मी प्लीज," जाई म्हणाली आणि माधवी हसली.

"पुढं साखरेचा भाव पडला. मग आम्ही शर्ट शिवले. पंधरा वर्षं मी शर्टाच्या फॅक्टरीत सुपरवायझर होतो. मग शर्ट मादागास्करला गेले, तिथं मजूर स्वस्त. आता मी व्हॅनमधनं पाहुण्यांना धबधबा दाखवतो, समुद्र दाखवतो. सगळं बेट समुद्र दाखवून जगतंय." त्यानं पानातला भात चिवडला. "आणि आता व्हिला बांधणारी कंपनी म्हणते, समुद्र दाखवायला तुम्हीही नकोत. तुम्ही मधे दिसता."

विलासनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "जनार्दन, आज नको. आज आईचा दिवस आहे."

"सोमवारी तुम्ही वकिलाकडे सही करणार. उद्या दुपारी माझं विमान. मग कधी बोलू, दादा?"

"बोलण्यासारखं काय आहे त्यात? किनाऱ्याची पट्टी सरकारची. तिच्यामागची जमीन आजोबांनी दोन भावांत वाटली. तुमची तुमच्याकडे, आमची आम्ही विकतोय. चिंचेपलीकडं पायवाटेपर्यंत आपलं, असं बाबा सांगायचे. सांगायचे ना, ताई?"

माधवीनं मान हलवली. "सांगायचे."

पद्मजानंही ते ऐकलं होतं. बाबा, तिचे सासरे, माँट्रियलच्या छापखान्यात रात्रपाळी करून आयुष्य काढलेले. चहात बोट बुडवून टेबलावर तो नकाशा काढायचे. हा समुद्र, ही वाट, ही चिंच. टेबल वाळलं की नकाशा नाहीसा होई, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढत. मुलाला त्यांनी दुसरं काही फारसं दिलं नव्हतं.

"वाळूत ऊस येत नाही म्हणून त्या जमिनीला तेव्हा कुणी विचारत नव्हतं," जनार्दन म्हणाला. "तरी आजोबांनी मोजणीदार बोलावून मधे हद्दीचा दगड बसवला होता. तो दगड आता नाही. म्हणून कंपनीच्या माणसानं तुमच्या बाबांच्या म्हणण्याप्रमाणं रेघ मारली. ती रेघ आमच्या स्वैपाकघरातनं जाते, दादा. चिंच तुमच्याकडे, चूल तुमच्याकडे, पायवाटही तुमच्याकडे. आई रोज त्या वाटेनं समुद्रावर जाते, सूर्याला पाणी घालते. सही झाली की वाटेवर फाटक लागणार."

"काकूला घर बांधून द्यायला सांगतो मी कंपनीला. मी काय राक्षस आहे?"

"नवं घर नको आहे तिला. तिची चूल हवी आहे."

"वोयाँ, ऐक ना, जनार्दन," माधवी म्हणाली, "विलासची परिस्थितीही समज ना. चार महिने झाले त्याला घरी बसून." विलासनं तिच्याकडे पाहिलं, तशी ती पानाकडे वळली.

जनार्दननं फोन काढला. "मी चिंचेखाली खणलं. हे बघा काय सापडलं."

खिरीचं भांडं घेऊन पद्मजा वाढायला त्याच्या मागं उभी होती. फोटो तिला सगळ्यांच्या आधी दिसला. चिंचेच्या मुळांमध्ये जमिनीत एक चौकोनी खळगा. कडा पांढऱ्या.

"पोवळ्यांचा चुना आहे तो. जुन्या काळी किनाऱ्यावर पोवळी भाजून चुना करायचे, त्यात दगड बसवायचे. दगड कुणीतरी जोर लावून उपटलाय. आणि हे बघा, ह्या कोपऱ्यात." त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. "दगडाचा तुकडा मोडून चुन्यातच राहिलाय. मोजणीदार म्हणतो, नुसत्या खळग्यावर मी रेघ बदलणार नाही, कुणीही खणेल. ह्या तुकड्याला जुळणारा दगड आणा, मग बदलतो. समुद्रात टाकला असं सगळे म्हणतात, तो दगड आता मी कुठून आणू?"

पांढऱ्या चुन्यात रुतलेला काळा, तिकोनी तुकडा. पद्मजाचा डावा अंगठा आपोआप तळहाताकडे वळला.

"वहिनी, खीर," जनार्दन म्हणाला. पळीतली खीर थेंबाथेंबानं टेबलावर पडत होती.

*

देव्हाऱ्यापुढं बसून तिनं दगड उचलला आणि पहिल्यांदाच उलटा केला. इतकी वर्षं देवाला उलटं धरायचं तिच्या मनात आलं नव्हतं. पांढरा थर चारी बाजूंनी सारखा होता. खाच तिकोनी होती.

"आई, आर यू ओके?" जाई दारात होती. मग ती आत आली आणि गुडघ्यांवर बसली. "मी बघू?"

पद्मजानं दगड तिच्या हातात दिला. जाईनं तो उजेडाकडे धरला. "इट्स बसाल्ट. अँड दिस व्हाइट स्टफ... आई, दॅट्स मॉर्टर. चुना." ती थांबली. तिलाही जेवताना पाहिलेला फोटो आठवला असावा. "ओह. आई. यू हॅव बीन वॉशिंग अ सर्व्हे मार्कर. एव्हरी सिंगल डे."

"हळू बोल."

"थँक गॉड तू घासलं नाहीस. घासलं असतंस तर सगळं गेलं असतं."

"आजीनं सांगितलं होतं, घासायचं नाही म्हणून." हे म्हणताना पद्मजाचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. आई भोळ्या नव्हत्या. कुंकू लावायचं नाही, फूल वाहायचं नाही, फक्त पाणी. देवाला अशी कोण पूजा करतं? तिला इतक्या वर्षांत एकदाही शंका आली नव्हती. चिपळूणची मुलगी, बेटावरचा देव, तिकडची रीत असेल म्हणून तिनं हात जोडले होते.

"बाबांना सांगणार?"

पद्मजानं दगड परत आपल्या हातात घेतला. खोटं बोलायचं नाही हे तिचं दुसरं व्रत. पण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. गप्प राहिलं तर सोमवारी सही होईल, विलासच्या चेहऱ्यावरचा ताण उतरेल, आणि हा दगड कोपऱ्यात देव म्हणून राहील. बोललं तर नवऱ्याच्या हातातली एकुलती एक गोष्ट तिच्याच हातानं जाईल, आणि त्याबरोबर मेलेल्या सासऱ्याचं नावही. मनगटावर त्या म्हाताऱ्या बोटांची पकड तिला अजून जाणवत होती. घरी पोचव.

"जाई, तू बाहेर जा, काकाला सुपारी दे," मागून माधवी म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. जाई गेल्यावर तिनं दार लोटलं आणि खाली बसली. अठ्ठावन्न वर्षांची, गुडघ्यांनी त्रासलेली बाई, भिंतीचा आधार घेत.

"राहू दे, पद्मजा."

"तुम्हाला माहीत होतं, ताई?"

"मी आठ वर्षांची होते. विलास दोनचा. आम्ही इकडं यायला निघालो त्या सकाळी बाबा आणि काका चिंचेखाली इतकं भांडले की शेजारी गोळा झाले. काका निघून गेल्यावर बाबांनी पहार घालून दगड उपटला. समुद्रात टाकतो म्हणाले. विमानतळावर जायची गाडी आली म्हणून घाईत तो ओट्यावर ठेवला आणि सामान चढवायला गेले. परत येऊन बघतात तर दगड नाही. आई म्हणाली, मी टाकून आले. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवून आली होती, म्हणून त्यांना खरं वाटलं." माधवी दगडाकडे पाहत होती. "माझ्या फ्रॉकांच्या ट्रंकेत होता. मी उघडून पाहिलं तर आई म्हणाली, देव आहे, बोलायचं नाही."

"आणि बाबांना इथं दिसला नाही?"

"दिसला तर. माँट्रियलला पहिल्याच दिवशी. तिनं तो देव्हाऱ्यात मांडून दिवा लावला होता. बाबा बघत उभे राहिले. पण देव्हाऱ्यात हात घालायची त्यांची छाती झाली नाही. घरात तेवढीच जागा तिची होती ना." तिनं डोळे पुसले. "पुढच्याच वर्षी वादळात काका गेले. काकूच्या पोटात जनार्दन. आईनं त्या दिवसापासून ह्याला पाणी घालायला सुरुवात केली. बाबा असेपर्यंत ती परत नेऊ शकली नाही, आणि ते गेल्यावर तिचे पाय गेले."

बाहेर जनार्दन जाईला काहीतरी सांगून हसवत होता.

"विलास मोडेल गं," माधवी म्हणाली. "बाबा त्याचे देव आहेत."

"आणि काकू?"

"काकू..." माधवीनं श्वास सोडला. "काकूनं मला दोन वर्षं आपल्या ताटात जेवू घातलंय. आई उसाच्या कामावर जायची तेव्हा." तिनं भिंतीवर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, ते जमेना, तशी पद्मजानं तिला हात दिला. उभी राहिल्यावर तो हात तिनं सोडला नाही. "तू ठरव. मी खोटं नाही बोलणार. पण सुरुवातही नाही करणार."

*

पद्मजानं स्वैपाकघरातला पाट पुसला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर दगड ठेवला. फक्त आपला अंगठा त्या खाचेत टेकवून दाखवला आणि मग हात काढून घेतला.

जनार्दनला आधी कळलंच नाही. मग त्यानं फोन उचलला, फोटो काढला, दगडाजवळ धरला. त्याच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. "वहिनी, हा कुठून..." आणि मग अगदी हळू, "आई म्हणायची, माझी जाऊ गिरजा दगड समुद्रात टाकणारी बाई नव्हे. मला वाटायचं, म्हातारी उगाच बोलते."

विलास खुर्चीतून उठला होता. "काय चाललंय हे? देव्हाऱ्यातला देव उचलून इथं कशाला आणलास?"

"हा देव नाही, अहो. चिंचेखालचा दगड आहे."

"देव आहे तो. माझ्या आईनं पुजलाय. तू पुजलायस. पाणी घातल्याशिवाय चहा पीत नाहीस तू." विलासनं आयुष्यात कधी देव्हाऱ्यापुढं स्वतःहून हात जोडले नव्हते. "पूजेतला देव हलवायचा नसतो. तूच सांगतेस ना सगळ्यांना? मग आजच कशी श्रद्धा संपली?"

"संपली नाही."

"मग दगड कसा म्हणतेस?"

पद्मजानं पाटावरच्या दगडाकडे पाहिलं. खरंच, काय होता तो? "मी रोज हात जोडले त्याला, ते काही वाया नाही गेलं," ती म्हणाली. "पण आईंनी त्याला बसवलं नव्हतं, अहो. सांभाळायला ठेवलं होतं. कुंकू नाही, फूल नाही. आपल्या देवाला कुणी असं उपाशी ठेवतं का?"

विलास माधवीकडे वळला. "ताई, सांग हिला. हे काय आहे सांग हिला."

माधवी टेबलाच्या कडेवरची खीर बोटानं पुसत राहिली. "माझ्या ट्रंकेतनं आला तो, विलास. बाबांनी उपटला. मी पाहिलंय."

"आठ वर्षांची होतीस तू."

"म्हणूनच विसरले नाही."

"म्हणजे बाबा चोर होते." त्यानं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "म्हणा ना. लाजता कशाला? श्राद्धाच्या दिवशी म्हणा. बर्फात रात्रपाळ्या करून आपल्याला वाढवलं, आणि चोर होते."

"डॅड, नोबडी सेड दॅट."

"तू गप्प बस, जाई."

"रागावले होते," पद्मजा म्हणाली. "एका सकाळपुरते. मग विमानात बसले, आणि परत जाऊन राग उतरवायला मिळालंच नाही त्यांना. रोज टेबलावर नकाशा काढायचे ते कशासाठी? ज्याची खात्री असते, ते कुणी पुन्हा पुन्हा काढत नाही."

खोलीत एकदम घर तापवणारी फर्नेस सुरू झाल्याचा आवाज आला. विलास खाली बसला. त्याच्याकडे पाहून जनार्दननं फोन उलटा ठेवला.

"दादा, मी हा दगड मागत नाही," तो म्हणाला. "तुमच्या घरातला आहे. आईनं भांडून येऊ नको म्हटलंय, आणि मी तिला काय तोंड दाखवू, तुमच्याकडनं हिसकून आणला म्हणून? तुम्ही द्याल तर नेईन. नाही दिला, तर मी इथं काही पाहिलं नाही. कोरेक? चालेल?"

"मी देणार नाही," विलास म्हणाला.

"कोरेक," जनार्दन म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला. त्याच्या पाठीकडे पाहून पद्मजाला वाटलं, हा माणूस आता कधी काही मागणार नाही, आणि तेच सगळ्यात वाईट.

"त्यांना देऊ नका," ती म्हणाली. "शब्द त्यांनी नाही दिला. मी दिलाय. मी पोचवते."

विलासला वाटलं ती संतापात बोलते आहे. पण पद्मजाला संताप येत नसे, हे लग्नाच्या इतक्या वर्षांनी त्यालाही माहीत होतं, आणि म्हणून तो तिच्याकडे बघतच राहिला.

*

शनिवारी सकाळी तिनं नेहमीसारखं पाणी घातलं. घासलं नाही. मग सासूबाईंचं मऊ पडलेलं सुती लुगडं काढलं, त्यात दगड गुंडाळला आणि हँडबॅगेत ठेवला. बरोबर तांब्याची छोटी लोटी. मधे पॅरिसच्या विमानतळावर दिवस उजाडेल, तेव्हा वॉशरूममध्ये का होईना, त्याची अंघोळ चुकायला नको होती.

तिकीट जाईनं काढून दिलं होतं, जनार्दनच्याच विमानाचं. "सिक्युरिटीवाले विचारतील, आई. इट लुक्स लाइक अ वेपन."

"सांगेन, सासूबाईंचा आहे."

"दॅट वोंट हेल्प," जाई म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा दोघी हसल्या.

माधवी पहाटेच माँट्रियलला निघून गेली होती. जाताना तिनं पद्मजाच्या हातात काकूसाठी एक लोकरीची शाल दिली होती, बेटावर कुणाला लोकर लागत नाही हे माहीत असून. विलास बेसमेंटमध्ये होता. पद्मजा ताट घेऊन खाली गेली. शनिवार असूनही त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. लॅपटॉप बंद होता. टेबलावर चहाचा कप होता आणि शेजारी ओल्या बोटानं काढलेली एक रेघ, अर्धी वाळलेली.

"निघते," ती म्हणाली.

"सोमवारी अकराला मला वकिलाकडे जायचंय."

"जा."

"सही करणार आहे मी."

"तुमची सही आहे. मी तुम्हाला अडवायला चालले नाही." तिनं ताट ठेवलं. "पण तिकडं सोमवार आधी उजाडतो. तुम्ही इथं झोपेत असाल तेव्हा मी चिंचेखाली असेन. खळग्यात ठेवून बघेन. बसला नाही, तर बाबांचं खरं. मग तिथल्या सगळ्यांसमोर तसं सांगेन, ह्याला परत आणीन, आणि जन्मभर देव म्हणून पुजीन."

विलास त्या वाळत्या रेघेकडे पाहत होता. "आणि बसला तर?"

त्याच्या कॉलरची एक बाजू आत दुमडली होती, ती तिनं नीट केली.

"रात्रीचा भात कुकरमध्ये आहे," ती म्हणाली. "आमटी गरम करून घ्या."

वर दारापाशी जनार्दन पार्का काढून खुंटीला अडकवत होता. आतल्या पातळ शर्टावर त्याचे खांदे थंडीनं आखडले होते. "गाडीपर्यंत घालून चला, भावोजी," पद्मजा म्हणाली, पण त्यानं मान हलवली. ज्याचा त्याच्या घरी राहू दे, म्हणाला.

रात्रभर पुन्हा बर्फ पडलं होतं. आज ड्राइव्ह-वे कुणी शोव्हल केला नव्हता. पद्मजानं बूट घातले, फावडं उचललं, आणि दारापासून गाडीपर्यंत एका माणसाला जाता येईल एवढी वाट काढली. मग फावडं भिंतीला टेकवून ठेवलं आणि मागच्या सीटवर बसून बॅग मांडीवर घेतली.

जाईनं गाडी मागं घेतली. बेसमेंटच्या छोट्या खिडकीत दिवा लागला होता. पद्मजानं बॅगेची चेन थोडी उघडली, लुगड्याच्या घडीतून हात आत घातला, आणि अंगठा त्या खाचेत टेकवून बसून राहिली.